जमादाराले पटलं नाई

नत्थूजी ढोल्याच्या घरी चहा प्यायचा असेल तर आधी बोट द्यावं लागे.

म्हणजे असं. दारातून आत गेलं की डाव्या हाताला एक गुंडाळलेली गादी होती आणि गादीवर एक उंदीर बसलेला असे. तुम्ही टेकायच्या आधीच नत्थूजी म्हणे, "बोट दाखवा." तुम्ही उजव्या हाताचं बोट पुढं करायचं. उंदीर हुंगे. हुंगून मागं फिरला तर नत्थूजी चुलीवर आधण ठेवी. चावला तर मान हलवून म्हणे, "जमादाराले पटलं नाई." मग तो तुमच्या बोटाला हळद लावी आणि तुम्हाला रस्त्याला लावी.

उंदराचं नाव जमादार. मला तो तीन वेळा चावला. चौथ्या वेळी मी बोट दिलंच नाही असं गावात सांगतात, ते साफ खोटं आहे. दिलं. चावला.

मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. तिसरीत मास्तरनं अंगठे धरायला सांगितले, मी धरले नाहीत, तिथं शाळा संपली. तेव्हा माझ्या लिहिण्यात काही उणं दिसलं तर ते त्या मास्तरला विचारावं. माझी चूक नव्हती आणि आजही माझं म्हणणं तेच आहे.

आमचं गाव आर्वी तालुक्यात, वर्धा नदीच्या काठाला. पलीकडे अमरावती जिल्हा. नत्थूजी आमच्या सोसायटीच्या गोदामाचा राखणदार होता. गोदामात सरकी असे, ज्वारी असे, भुईमुगाचं बियाणं असे. तिथं उंदीर होऊ द्यायचे नाहीत, एवढंच त्याचं काम. आणि त्याच माणसानं घरी उंदीर पाळला होता. कोणी हसलं तर तो म्हणे, "मी काई म्हनत नाई, पन गोदामात एक तरी लेंडी दाखवा."

खरंच नसे. नत्थूजीचं म्हणणं, जमादाराचा वास गेला की बाकीचे उंदीर गाव सोडतात. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. दर सोमवारी हा उंच, काडीसारखा माणूस अंगातला कोट काढून खुंटीला लावी, गोदामात ढोपरांवर रांगे आणि एकेका भोकात फुटक्या काचा आणि चिखल कोंबी. संध्याकाळी पाठ धरून घरी जाई. विचारलं तर म्हणे, "जमादारानं भोक दाखोलं. मी नुसतं बुजोलं."

"मी काई म्हनत नाई, पन" हे त्याचं सुरुवातीचं वाक्य. ते ऐकलं की शहाणी माणसं बैल पाहायला उठून जात, कारण पुढचा अर्धा तास तो म्हणतच राही. आणि इतकं म्हणून शेवटी मत द्यायची वेळ आली, की ते मत त्याचं नसे. ते उंदराचं असे.

आमचे सरपंच अण्णाजी. रोज सकाळी ओट्यावर बसून सूत काढत, लोकांना दिसेल असं. त्यांनी एकदा चावडीपुढं दीड तास भाषण केलं. दुसऱ्या दिवशी नत्थूजीला विचारलं, कसं झालं.

"भाषन झ्याक होतं," नत्थूजी म्हणाला. "पन जमादाराले पटलं नाई."

"उंदीर भाषनाले आलताच कुठं?"

"मी घरी जाऊन सांगितलं ना."

एकदा माझ्या पुतणीला पाहायला पलीकडच्या गावचे पाहुणे आले होते. नत्थूजीनं मुलाच्या बापाला घरी नेलं, चहाला म्हणून. बाप बोट बांधून परत आला आणि सोयरीक मोडली. मी आठ दिवस नत्थूजीशी बोललो नाही. पुढं कळलं की त्या मुलाचं आधीच एक लग्न झालेलं होतं आणि बायको माहेरी बसवून ठेवली होती. झालं. त्या दिवसापासून जमादाराचा भाव वाढला. लोक बैल घ्यायचा असला तरी विकणाऱ्याला नत्थूजीकडे चहाला नेऊ लागले. जे भले लोक उगाच चावले गेले त्यांची गोष्ट कोणी काढत नसे. मी त्यातलाच एक, म्हणून मला माहीत.

हे असं चाललं असतं. पण सोसायटीचे तपासनीस साहेब आले.

साहेब सायकलवर आले. डोक्याला टोपी, पँटीला चिमटे. गोदाम पाहिलं, खूश झाले. एकही लेंडी नाही. नत्थूजी म्हणाला, घरी चला, चहा घेऊ. साहेब पुढं, नत्थूजी मागं. बोट दाखवायची रीत साहेबांना ठाऊक नव्हती. उन्हातून आले होते, समोर गादी दिसली, ते सरळ जाऊन तिच्यावर बसले.

जमादार गादीच्या घडीत होता. त्यानं काय केलं ते लिहायला मला संकोच वाटतो. बोटाचा प्रश्नच आला नाही. साहेब आर्वीपर्यंत सायकलवर उभ्यानं गेले, एवढं सांगतो.

तिसऱ्या दिवशी कागद आला. आठ दिवसांच्या आत उंदीर काढावा, नाहीतर राखणदार काढण्यात येईल. सरपंचांनी तो नत्थूजीला वाचून दाखवला. नत्थूजी म्हणाला, "मी काई म्हनत नाई, पन," आणि पुढं काहीच म्हणाला नाही.  तो घरी निघून गेला.

आमची ग्रामपंचायत नवीच होती. खुर्च्या आल्या होत्या, काम यायचं होतं. तेव्हा हा विषय सरपंचांनी लगेच पंचायतीत घेतला. मीही पंच होतो. दिवाळी होऊन गेली होती, घरोघर कापूस यायला लागला होता, तरी सगळं गाव वेचणी सोडून चावडीपुढं बसलं. नत्थूजी पायरीवर बसला होता. अंगात कोट, टोपी हातात.

मी उभा राहून म्हणालो, "यात इचार कायचा करता? चावते, त मारून टाका."

"बराबर हाय," सरपंच म्हणाले. "मारा मंग."

"मी?"

"तुमीच म्हनून राह्यले ना."

आता मला चार वेळा चावलेला उंदीर मी मारला तर लोक काय म्हणतील? म्हणतील, मादेवनं उंदरावर सूड घेतला. मी कोर्टात सख्ख्या भावाशी अकरा वर्षं भांडलेला माणूस. उंदराशी भांडलो म्हणून नाव निघावं, हे मला चालणार नव्हतं. मी म्हणालो, "मी पंच हाय. पंचानं हात लावाचा नसते."

"मंग तुमी मारा, अण्णाजी," मागून कोणी तरी म्हणालं.

अण्णाजींनी हात जोडले. "माह्या घरी गनपती बसते. त्याचं वाहन हाय ते. अन् मी खादी घालतो. जीवहत्या आपल्याच्यानं होनार नाई. दुसऱ्या कोनी केली त माही मनाई नाई."

बुधाजी आमच्यात तिसरा पंच. मेहनती माणूस, बोलणं कमी. सगळे त्याच्याकडे पाहायला लागले.

"मी मागच्या महिन्यात नागपूरले दीक्षा घ्याले गेलतो," बुधाजी म्हणाला. "जीव मारनार नाई म्हनून तोंडानं बोललो तिथं. आता कुठं महिना होऊन राह्यला भौ. उंदरापायी मोडू काय?"

बाकीची कारणं ऐकून लोक हसले होते. ह्या कारणाला कोणी हसलं नाही.

मग सरपंच म्हणाले, माझी मांजर आहे. तिनं मारला तर तो तिचा स्वभाव, त्यात आपला दोष नाही. मांजर पोत्यात घालून आणली, नत्थूजीच्या घरात सोडली, दार लावलं. आम्ही बाहेर उभे. बिडी पेटवून दोन झुरके होत नाहीत तोच मांजर छपराच्या कवेलूंच्या फटीतून वर निघाली. त्यानंतर ती त्या गल्लीत कधी दिसली नाही. सरपंचांच्या घरीही दोन दिवस कोपऱ्यात बसून होती म्हणतात.

मग ठरलं की वर विचारावं. आता वर कोण, हाच प्रश्न. कारण त्याच सालात, त्याच महिन्यात, आपला जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. अर्ज नागपूरला करावा की मुंबईला, कोणी सांगेना. सरपंचांनी दोन अर्ज लिहिले आणि दोन्हीकडे टाकले. विषय एकच : चावऱ्या उंदराची विल्हेवाट लावणेबाबत. त्यात पाच दिवस गेले.

सहाव्या दिवशी मीच तोडगा काढला. हे मी बढाईनं सांगत नाही, पण तोडगा माझाच होता. "नदीपार करा," मी म्हणालो. "इकडचा पाय तिकडं पडला की जिल्हा बदलला. आपला संबंध संपला."

"पन तिकडच्या लोकाइले चावला त?" बुधाजीनं विचारलं.

"तो अमरावती जिल्ह्याचा प्रश्न," सरपंच म्हणाले, आणि सगळ्यांना एकदम बरं वाटलं. ठराव लिहिला. नत्थूजी ढोले यांच्या घरी उंदीर राहणार नाही, सदर उंदीर नदीपार नेण्यात यावा. नेणार कोण? ज्याचा तोडगा तो.

सरपंचांनी पायरीकडे वळून विचारलं, "तुमाले काई म्हनाचं हाय काय, नत्थूजी?"

"नाई."

"जमादाराले इचारून पाहा," कोणी तरी म्हणालं, आणि चावडी हसली. नत्थूजीनं टोपी डोक्यावर घातली आणि उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. उंदीर धरायला मी हाताला पोतं गुंडाळून नेलं होतं. ते लागलंच नाही. जमादार एका गाडग्यात बसलेला होता, तोंडाला फडकं बांधलेलं. शेजारी पुडक्यात भाजलेले शेंगदाणे आणि ज्वारीच्या भाकरीचा तुकडा. गादी कोपऱ्यात तशीच होती. तिच्या एका कोपऱ्याला उलट्यासुलट्या टाक्यांची ताजी शिवण दिसली.

"मी नेतो," मी म्हणालो. "तुमी कायले येता?"

"गाडगं न हालोता तुमाले नेता येनार नाई," तो म्हणाला. "त्याले मळमळते."

नदीच्या उताराला पाणी गुडघाभर होतं, पण चांगलंच गार. मी धोतर खोचून पुढं आणि नत्थूजी गाडगं छातीशी धरून मागं. कोट भिजत होता, तो त्यानं वर घेतला नाही, कारण दोन्ही हात गाडग्याला होते. पलीकडच्या रेतीत आलो. मी फडकं सोडलं. आत कापूस होता, जुना, चपटा झालेला, पिवळट.

"हा कायले?"

"थंडी पडून राह्यली ना."

नव्या कापसाच्या दिवसांत जुना कापूस कुठून आणला, ते मी विचारलं नाही. ती शिवण मी पाहिली होती.

नत्थूजीनं गाडगं आडवं केलं. "जाय बावा," तो म्हणाला. "जाय आता."

जमादार बाहेर आला. रेती हुंगली. अमरावती जिल्ह्याकडे तोंड करून थोडा वेळ बसला. मग वळला, माझ्या पायाच्या अंगठ्याला चावला आणि गाडग्यात जाऊन कापसात शिरला.

नत्थूजीनं गाडगं उभं केलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "जमादाराले पटलं नाई."

आणि तिथं, अंगठ्यातून रक्त येत असताना, मला एक गोष्ट आठवली. हे वाक्य नवं नव्हतं. जमादाराच्या आधीही नत्थूजी स्वतःचं मत देत नसे. तेव्हा तो म्हणे, "आमच्या घरी पटलं नाई." बैल परत केला तर आमच्या घरी पटलं नाई. निवडणुकीत मत दिलं नाही तर आमच्या घरी पटलं नाई. आम्ही समजायचो, त्याची बायको फार खमकी आहे. बाई तर त्याच्याहूनही गरीब. तिनं जन्मात कोणाला नाव ठेवलं असेल असं मला वाटत नाही. ती दोन वर्षांआधी तापात गेली. मूलबाळ नव्हतं. दहाव्याला तिचं अंथरूण नदीवर सोडायचं, तशी रीत आहे. नत्थूजी ती गादी खांद्यावर घेऊन ह्याच उतारापर्यंत आला होता, आणि खांद्यावर घेऊनच परत गेला होता. आम्ही म्हटलं, दुःखात विसरला असेल. पुढं त्या गादीत उंदरीण व्याली. एक पिल्लू जगलं. त्याला त्यानं वातीनं दूध पाजलं म्हणतात.

मी चूक कबूल करणारा माणूस नाही. तेव्हाही केली नाही. मी म्हणालो, "नत्थूजी, ठरावात काय लिवलं हाय?"

"नदीपार न्या म्हनून."

"आनला ना नदीपार?"

"आनला."

"परत आनू नये, असं लिवलं हाय काय?"

तो विचारात पडला. "माह्या घरी उंदीर राहू नये असं त लिवलं हाय."

"तुमच्या घरी. माह्या घराचं कोनी काई लिवलं?"

मी गाडगं उचललं. "हालवू नोका," नत्थूजी मागून म्हणाला.

मी गाडगं घेऊन आलो तेव्हा आमच्या घरी ज्वारी पाखडणं चाललं होतं. बायकोनं सूप खाली ठेवलं. "चार खेप चावला तुमाले," ती म्हणाली. "पोट नाई भरलं?"

"पाच," मी म्हणालो आणि अंगठा दाखवला.

सरपंचांना मी सांगितलं, ठरावाप्रमाणे काम झालं. ते खोटं नव्हतं. जमादार कुठं आहे हे आठ दिवसांत सगळ्या गावाला कळलं, पण कोणी बोललं नाही. बोललं असतं तर पुन्हा बैठक घ्यावी लागली असती. तपासनीस साहेब त्यानंतर आले ते गोदामातूनच परत गेले, चहा नको म्हणाले. आणि उन्हाळ्यात वरच्या कुठल्या तरी कचेरीतून सरपंचांच्या अर्जाला उत्तर आलं. सदर उंदीर सरकारी आहे की खाजगी, ते कळवावे.

नत्थूजी रोज दुपारी गोदामाला कुलूप लावून माझ्याकडे येई. जमादाराजवळ भिंतीला पाठ टेकून बसे आणि गावात काय काय झालं ते त्याला हळू आवाजात सांगे. मी पलीकडे दोर वळत बसे. मला ऐकायचं नसे, पण घर लहान. जाताना मला म्हणे, "अमक्याचं म्हननं जमादाराले पटलं नाई." मी म्हणे, "नसन पटलं." उंदीर मला दर आठवड्याला एकदा तरी चावे. चौदावी खूण झाल्यावर मी मोजणं सोडलं.

असा तो दीड वर्ष राहिला. मग म्हातारा झाला, खाणं सोडलं, आणि एक दिवस गाडग्यात गेलेला सापडला. आम्ही दोघांनी त्याला उतारापाशी पुरलं, कापसासकट. इकडच्या काठाला. 

दुसऱ्या दिवशी दुपारी तो नेहमीच्या वेळेला आला. रिकाम्या जागी पाठ टेकून बसला. बायकोनं चहा दिला, त्यानं घेतला, गेला. तिसऱ्या दिवशीही आला. चौथ्या दिवशी म्हणाला, "मी काई म्हनत नाई, पन सरपंचाच्या वावरातली विहीर वाकडी खंदून राह्यले," आणि अर्धा तास विहिरीबद्दल बोलला. बोलून झाल्यावर माझ्याकडे पाहत बसला. मी दोर वळत म्हणालो, "असन वाकडी." तो उठून गेला.

पंधरा दिवसांनी अण्णाजी तणतणत माझ्या दारात आले.

"मादेवभौ, तुमी सोसायटीच्या बैठकीले येत नाई, अन् घरी बसून ठरावाले इरोध करता?"

"कोनता ठराव?"

"गोदाम नदीच्या आंगाले नेऊन राह्यलो त्याचा. सगळे हो म्हनले. तुमचा नत्थूजी उभा राह्यला. म्हने, मी काई म्हनत नाई, पन मादेवभौले पटलं नाई."

गोदाम हलवणार आहेत हेच मला ठाऊक नव्हतं. बायको आतल्या दारातून माझ्याकडे पाहत होती. मी हातातला दोर खाली ठेवला.

"नाई पटलं," मी म्हणालो. "साफ नाई पटलं."

"पन काऊन?"

"ते नत्थूजीले इचारा."